डोंबिवलीचा आकडा

मंडळी, आधीच सांगून टाकते. हा लेख कुठल्याही युनिटमध्ये येत नाही, याच्यावर 'आयएमपी' निघालेले नाहीत आणि व्हायवाला एक्स्टर्नल हे विचारणार नाहीत. तेवढ्यावर ज्यांना पान उलटायचंय त्यांनी खुशाल उलटावं. पुढे कविता आहेतच, दरवर्षीसारख्या. उरलेल्यांनी हा आकडा बघा:

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंक. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तोच. एकापासून नवापर्यंत चढायचं आणि तसंच खाली उतरायचं. दर सेकंदाला एक अशा वेगाने एवढ्यापर्यंत मोजायला बसलात तर साधारण ३९ कोटी वर्षं लागतील. तोपर्यंत सगळ्यांच्या केट्या सुटलेल्या असतील.

हा आकडा मराठीत वाचून दाखव असं कोणी म्हटलं तर माझी पंचाईत होईल. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना 'सेव्हंटी नाइन' म्हणजे एकोणसत्तर की एकोणऐंशी, याचा हिशेब अजून मनात करावा लागतो. (२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं सुटसुटीत वाचन आणलं तेव्हा महाराष्ट्रभर भांडणं झाली. आमच्या घरी सामना आजी विरुद्ध मी असा होता, आणि आजी हरत नसते.) आजीला मात्र एकं, दहं, शतं, सहस्र करत पार शेवटपर्यंत जाता येतं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे साधारण ११५० सालच्या ग्रंथात, अशा अठरा स्थानांची नावं दिली आहेत. कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि सगळ्यात शेवटी परार्ध. आपल्या आकड्यातला डावीकडचा पहिला १ बसतो तो 'मध्य' या घरात. परार्धाला एकच पायरी कमी.

आता हा येतो कुठून? नऊ वेळा १ लिहा: १११११११११. या संख्येला हिनेच गुणा. झालं.

विश्वास बसत नसेल तर शाळेतला उभा गुणाकार मांडा. खालच्या संख्येतला प्रत्येक अंक १ आहे, म्हणून प्रत्येक ओळ म्हणजे तेच नऊ एक, फक्त दर ओळीला एक घर डावीकडे सरकलेले. अशा नऊ ओळी. जर्नलच्या कोऱ्या पानावर काढून बघा, कागदावर तिरकी पट्टी दिसते. आता रकान्यांची बेरीज घ्या. सगळ्यात उजवीकडच्या रकान्यात एकच १ आहे, त्याच्या डावीकडे दोन, मग तीन. मधल्या रकान्यात नऊच्या नऊ ओळी हजर. तिथून पुढे एकेक ओळ संपत जाते, म्हणून आठ, सात, सहा, शेवटी पुन्हा एक. उत्तर म्हणजे प्रत्येक रकान्याची उंची. बस्स, एवढंच आहे. यात एकदाही 'हातचा' घ्यावा लागला नाही, हे मात्र लक्षात ठेवा, कारण सगळी गंमत त्या हातच्यात आहे.

लहान भावंडं अशीच: ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. या कुटुंबाला एक नाव आहे, आणि ते नाव सेंट्रल लाइनवाल्यांनी छातीवर लावून फिरावं असं आहे. या आहेत 'वंडरफुल डेम्लो नंबर्स'. डेम्लो म्हणजे काय? कोणी ग्रीक माणूस वगैरे नाही. मुंबईपासून तीस मैलांवरचं, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरचं एक स्टेशन. म्हणजे आपली डोंबिवली! या संख्यांचा विचार करायची कल्पना त्यांच्या जनकाला तिथे सुचली, म्हणून त्यांनी संख्यांना स्टेशनचं नाव देऊन टाकलं. मी डोंबिवलीची. दर शनिवारी अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर, तिथून स्लो पकडून मुलुंड, ठाणे करत घरी जाते. त्या स्टेशनवर मला आजवर गर्दीपलीकडे काही सुचलेलं नाही. आधी दारापाशी कसं पोचायचं, मग उतरायचं कसं, एवढेच दोन प्रॉब्लेम मी तिथे सोडवलेत.

ज्यांना सुचलं ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. मराठीत त्यांना 'गणितानंदी' म्हणतात. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजप्यांच्या नावाचं पारितोषिक, १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी., आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शाळामास्तर. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, प्रयोगशाळा तर नाहीच. ६१७४ हा त्यांचा सगळ्यात गाजलेला आकडा. कुठलाही चार अंकी आकडा घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, परत तेच करा. फार तर सात वेळा केलंत की ६१७४ वर येऊन अडकता. त्यांचं जन्मसाल घेऊन बघा: १९०५ वरून ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. बरोबर सात! हे त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. जगाला त्यांचं नाव कळायला मात्र मार्च १९७५ उजाडावं लागलं, जेव्हा मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं. तोवर मास्तर सत्तर वर्षांचे झाले होते.

आता माझ्या रागाचं कारण. गेल्या गणित दिवसाला, २२ डिसेंबरला, आपल्याकडे एका भिंतीवर एक रंगीत पोस्टर लागलं होतं. कुठल्या डिपार्टमेंटचं ते सांगत नाही, पोस्टर काढणारेही आपलेच आहेत. त्यावर हाच पिरॅमिड होता, १ गुणिले १ पासून खाली नऊ एकांपर्यंत. वर मोठ्या अक्षरांत 'प्राचीन भारताचा अद्भुत चमत्कार', मागे कमळ, उगवता सूर्य. हेच चित्र फॅमिली ग्रुपवरही महिन्यातून एकदा येतं, गुड मॉर्निंगसकट. कापरेकरांचं नाव नाही. साल नाही. डोंबिवली तर नाहीच.

नाव नाही हे वाईट, पण मला जास्त खटकतो तो शब्द: चमत्कार. १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर आणि कापरेकर यांनी मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये या संख्यांवर लेख लिहिला, त्याचं शीर्षक 'थिअरी ऑफ डेम्लो नंबर्स'. थिअरी! मिरॅकल नव्हे. ज्या माणसाने कारण शोधायला लेख लिहिला त्याच्या आकड्याखाली आपण 'कारण विचारू नका' असं लिहून ठेवायचं, ह्याला आदर म्हणायचं का?

आणि पोस्टरवाल्यांनी पिरॅमिड नऊलाच का थांबवला? जागा तर होती. पुढची ओळ केली असती तर सूर्य मावळला असता, म्हणून! दहा एक घेऊन वर्ग करा:

११११११११११ गुणिले ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

उलटसुलट सारखा? नाही. मध्येच दोन शून्यं, आणि डावीकडच्या चढणीवरचा ८ गायब. काय झालं? मधल्या रकान्यात आता दहा ओळी आल्या. दहा मावत नाहीत, ० लिहून हातचा एक. शेजारच्या रकान्यात नऊ होते, त्यात तो हातचा पडून दहा झाले, पुन्हा ० आणि हातचा एक. त्यापुढे आठ होते, त्यांचे नऊ झाले आणि वादळ शमलं. ८ ला कोणी चोरलं नाही, त्याचं प्रमोशन झालं. मला तर नवव्या ओळीपेक्षा ही दहावी ओळ जास्त आवडते. नवव्या ओळीला लोक 'वा' म्हणून पुढे जातात, दहाव्या ओळीला 'असं का?' म्हणावंच लागतं.

आमच्या मजल्यावर याच्यावर बरीच चर्चा झाली. एकीचं म्हणणं असं की हे सगळं दहाच्या पद्धतीचे लाड आहेत, माणसाला बारा बोटं असती तर हा आकडा असा दिसलाच नसता. हा आक्षेप हलका नाही. केंब्रिजच्या जी. एच. हार्डीने १९४० मध्ये आपल्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी'त असंच म्हटलंय. ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट, असे स्वतःच्या उलट्या रूपाच्या पटीत येणारे चार अंकी आकडे हे दोनच. हार्डीच्या मते हे कोड्यांच्या सदरात छापायला ठीक, खऱ्या गणितज्ञाला त्यात काही नाही. हा तोच हार्डी ज्याने रामानुजनना ओळखलं, तेव्हा त्याचं म्हणणं झटकून टाकता येत नाही.

पण इथे तो आक्षेप लागू पडत नाही असं माझं ठाम मत आहे, आणि ते तपासता येतं. आठाच्या पद्धतीत, म्हणजे आपल्या ऑक्टलमध्ये, सात एक घेऊन वर्ग करा. उत्तर ऑक्टलमध्येच १२३४५६७६५४३२१. हेक्साडेसिमलमध्ये पंधरा एक घेतलेत तर एकापासून चढत ए, बी, सी, डी, ई करत एफपर्यंत जाऊन तसेच खाली याल. बारा बोटांच्या माणसाला अकरा एकांपर्यंत शिडी मिळेल. बायनरीमध्ये बिचाऱ्यांना १ गुणिले १ बरोबर १ एवढंच. म्हणजे शिडी सगळीकडे आहे, फक्त ती किती उंच जाईल ते पद्धत ठरवते. तळाशी काय आहे ते बोटांवर अवलंबून नाही.

तळाशी काय आहे? ईएक्सटीसी आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, आता दचकू नका. तळाशी कन्व्होल्यूशन आहे.

होय, तेच! 'सिग्नल्स अँड सिस्टीम्स'मधलं, ज्याने आमच्या वर्गातल्या कितीतरी जणांची झोप उडवली. एक चौकोनी पल्स घ्या, नऊ सॅम्पल्सचा, प्रत्येकाची किंमत १. त्याचं त्याच्याशीच कन्व्होल्यूशन करा. एक पल्स दुसऱ्यावरून सरकवत न्यायचा, दर ठिकाणी जेवढे एकमेकांवर आलेत तेवढे मोजायचे. उत्तर: १, २, ३ करत ९ आणि परत १ पर्यंत. चौकोनाचं चौकोनाशी कन्व्होल्यूशन म्हणजे त्रिकोण, हे आपण फाईलमध्ये तीनदा काढलंय, एकदा हाताने आणि दोनदा मित्राच्या फाईलवरून. उभ्या गुणाकारात ओळी घर-घर सरकतात आणि आपण रकाने मोजतो, ती क्रिया हीच. गुणाकार म्हणजे कन्व्होल्यूशन, अधिक हातचे. तिसरीतल्या मुलाला जे येतं ते आपल्याला तिसऱ्या वर्षात 'टफ टॉपिक' म्हणून परत विकलं जातं, आणि मधला धागा कोणी दाखवत नाही. मला तो एका मास्तरांच्या आकड्यात सापडला.

अजून एक गंमत. सहा एकांचा वर्ग १२३४५६५४३२१. दोन फासे टाकल्यावर २ ते १२ पर्यंतची प्रत्येक बेरीज किती प्रकारांनी पडते? एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. अंकांची बेरीज ३६, म्हणजे फाशांचे एकूण प्रकार. 'व्यापार' खेळताना सात सगळ्यात जास्त का पडतात, ते या आकड्याच्या मधोमध लिहिलेलं आहे.

प्रचंड संख्यांचा गुणाकारही आज याच रस्त्याने होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मूळ संख्या, २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १, तिला ४,१०,२४,३२० अंक आहेत. ती तपासताना असल्याच अवाढव्य संख्यांचे पुन्हा पुन्हा वर्ग करावे लागतात, आणि ते एफएफटीने, म्हणजे कन्व्होल्यूशनच्या शॉर्टकटने केले जातात. हातचे नंतर.

पण मास्तरांचा आकडा मोठा का, तर त्याचा उपयोग निघाला म्हणून, असं मला मुळीच म्हणायचं नाही. तसं म्हटलं तर मी परत 'पेपरात येतं का'वाल्यांच्याच रांगेत जाऊन बसले. कापरेकर काही पल्ससाठी मोजत नव्हते. त्यांना संख्येचा स्वभाव बघायचा होता, एवढंच. एखाद्या माणसाच्या शेजारी बसून गप्पा मारायच्या तसं.

या आकड्याशी अशा गप्पा मारून बघितल्या तर तो बोलतो फार. अंकांची बेरीज करा: ८१. आणि ८१ ने याला भाग जातो, बाकी शून्य. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी 'हर्षद' नाव दिलं, हर्ष देणारी म्हणून. (हर्षद म्हटल्यावर १९९२ चा शेअरबाजार आठवणाऱ्या सरांनी कृपया पुढे वाचावं.) पहिल्या नऊ वंडरफुल डेम्लोंपैकी हर्षद फक्त तीनच: १, १२३२१ आणि हा. बाकीचे का नाहीत ते बघायला कॅल्क्युलेटर लागत नाही. हे सगळे आकडे विषम, तेव्हा २, ४, ६, ८ एकांच्या वर्गांची अंकांची बेरीज सम आली की भाग जाण्याचा प्रश्नच नाही. पाच एकांवाला १ ने संपतो, त्याला पाचाचा भाग कसा जाणार? राहिला सात एकांवाला, तर ११११११० ला सातने भाग जातो, म्हणून सात एकांच्या १११११११ ला सातने भागलं की बाकी १ उरते. झाला पुरावा, पाच मिनिटांत, मेसच्या टेबलावर.

पुढे. आकडा मधून कापा: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज करा. ९९९९९९९९९, नऊ नव्वे! आणि या नऊ नवांनी मूळ आकड्याला भाग दिला तर येतं १२३४५६७९. परत ८ गायब. हा भागाकार उलटा करून तपासणं तर फारच सोपं आहे, कारण नऊ नव्वे म्हणजे एक अब्ज वजा एक. १२३४५६७९ पुढे नऊ शून्यं लिहा, त्यातून १२३४५६७९ वजा करा, आणि सतराच्या सतरा अंक समोर उभे राहतात. मूळ अवयव पाडायचे असतील तर ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. संपला.

हाताने करा असं मी सारखं म्हणतेय ते जुन्या काळचं कौतुक म्हणून नाही. आपल्या यंत्रांना हा आकडा येत नाही म्हणून! मी सगळीकडे घालून बघितला. सायंटिफिक कॅल्क्युलेटर म्हणतो १.२३४५६७८९९ गुणिले दहाचा सोळावा घात, म्हणजे अर्धा आकडा त्याने गिळला. एक्सेलमध्ये लिहिलात तर १२३४५६७८९८७६५४३००, कारण ते पंधरा अंकांपुढे शून्यं घालतं. सी मध्ये दोन 'इंट' गुणलेत तर बहुतेक मशीनवर १६५३७३२५२९ येतं, ज्याचा कशाशी संबंध नाही. शहाणपणाने 'डबल' घेतलात तर १२३४५६७८९८७६५४३२०. शेवटचा १ चा ०! कारण डबलमध्ये २ चा ५३ वा घात, ९००७१९९२५४७४०९९२, यापुढे विषम संख्यांना जागाच नाही, आणि आपला आकडा त्याच्या पुढे आहे. 'लाँग लाँग'मध्ये किंवा पायथॉनमध्ये बरोबर येतो.

चार उत्तरं, आणि प्रत्येक यंत्र आपलं उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने दाखवतं. एररचं अक्षर नाही. ४ जून १९९६ ला एरियान-५ रॉकेट उडाल्यावर चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं, ते ६४ बिटांची फ्लोटिंग किंमत १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबल्यामुळे. त्या घटनेवर आपण सेमिनार देतो, स्लाइडवर स्फोटाचा फोटो लावतो, आणि प्रॅक्टिकलला मात्र स्क्रीनवर आलेलं उत्तर तसंच्या तसं उतरवतो. शेवटचा अंक १ हवा हे कळायला गणिताची पदवी लागत नाही. १ ने संपणाऱ्या दोन संख्यांचा गुणाकार ० ने संपेल कसा? ज्याला आकड्यांशी खेळायची सवय आहे त्याला ही चूक लगेच टोचते. ज्याला ती सवय नाही तो ते उत्तर 'रिझल्ट' म्हणून जर्नलमध्ये लिहून सही घेतो. सरांनो, मॅडम, तुम्हीही सही देता, हे अत्यंत नम्रपणे.

आता कोणी म्हणेल, कापरेकरांचं सगळंच थोर का? माझ्यापुरतं सांगायचं तर नाही. त्यांच्या 'देवळाली संख्या' आहेत, म्हणजे कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही अशी, जसं २०, ३१, ४२. १५ अधिक ६ केले की २१ मिळतो, २० मात्र कुठूनच मिळत नाही. त्या मला थोड्या रुक्ष वाटतात, तिथे हार्डी थोडा बरोबर असावा. पण बत्तीस वर्षं शाळेत शिकवून, फळा पुसून, वह्या तपासून उरलेल्या वेळात एकट्याने हे करत राहायचं, लोक हसले तरी, हे मला जमेल का असं विचारलं तर मी विषय बदलेन. निवृत्तीनंतर त्यांना पेन्शन पुरेना, म्हणून गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. १९८६ मध्ये ते गेले. पोस्टरवर कमळाला जागा होती.

माझी मागणी छोटी आहे. पुढच्या २२ डिसेंबरला तेच पोस्टर लावा, हरकत नाही, पण दहावी ओळ लिहा. खाली कापरेकरांचं नाव, डेम्लो स्टेशन आणि १९३९ हे साल लिहा. 'चमत्कार' खोडा आणि तिथे रिकामी जागा सोडा, सोबत दोरीला बांधलेलं एक पेन. कारण कळलं की ज्याने त्याने तिथे लिहावं. मेसमधल्या मेनूच्या फळ्यावरसुद्धा कोपऱ्यात रोज एक आकडा लिहायला काय हरकत आहे? भाजी तर तशीही तीच असते.

आणि सुरुवात आजपासून करायची असेल तर हे घ्या. दहा एकांच्या वर्गात ८ का हरवला ते वर सांगितलं. पण १२३४५६७९ मध्येही ८ नाही, आणि तिथे तर कुठलाच वर्ग केलेला नाही. १ भागिले ८१ करून बघा, हाताने, निदान वीस घरांपर्यंत. दशांशचिन्हापुढे काय काय येतं ते बघा आणि मग सांगा, हा ८ तोच आहे का? चिठ्ठ्या मराठी विभागाच्या पेटीत टाकाव्यात. नुसतं 'हो' किंवा 'नाही' लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचल्या जाणार नाहीत.